पंचरंगी सामने आणि पालवणकर बंधू



आपल्या गावात इतिहास म्हटला की चांदबिबी, मलिक अंबर आणि भुईकोट किल्ला. त्यावर बोलणारे विद्वान या व्यासपीठावर पुष्कळ येऊन गेले आणि येतीलही. आम्ही पडलो कामगार चळवळीतले कार्यकर्ते. शिकलो ते सभांत आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगात. तेव्हा आज जो इतिहास मांडणार आहोत तो क्रिकेटचा आहे. पण धावा आणि बळी मोजण्यासाठी आम्ही तो काढलेला नाही. संघाची यादी कोण करतो, ती कशाच्या आधारावर करतो, आणि यादीबाहेर राहिलेल्याने काय करायचे, हा आमचा रोजचा धंद्यातला प्रश्न आहे. तोच प्रश्न मुंबईच्या मैदानावर पन्नास वर्षे कसा खेळला गेला ते पाहू.

मुंबईत क्रिकेट आणले इंग्रजांनी आणि ते पहिल्यांदा उचलले पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. पारशी खेळत ते कोटाबाहेरच्या उघड्या मैदानावर. त्याच मैदानावर साहेब लोक पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी जमिनीची चाळण करीत. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला. त्यात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. १८८१ मध्ये हिंदी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला : पोलो दुसरीकडे न्या, आम्हाला खेळायला जागा राहू द्या. सरकारने अर्ज आधी मानला आणि पुढे साहेबांनी ओरड करताच हुकूम फिरवला. अर्ज, आश्वासन आणि फिरवाफिरव हा क्रम आमच्या ओळखीचा आहे.

पुढे सरकारने या तक्रारीवर तोडगा काढला. समुद्राला मागे हटवून जी भराव जमीन तयार झाली होती तिच्यावर एक तुकडा पारशांच्या जिमखान्याला, एक मुसलमानांच्या आणि एक हिंदूंच्या जिमखान्याला, असे भाडेपट्टे देण्यात आले. आज जिला मरीन ड्राइव्ह म्हणतात तीच ही किनारपट्टी. या व्यवस्थेत कोणावर जबरदस्ती झाली नाही. ज्याला खेळायला जागा हवी त्याने आपल्या धर्माचे नाव सांगून ती घ्यावी, एवढेच. मुंबईत तेव्हा गिरण्या होत्या, गोदी होती, रेल्वेचे कारखाने होते, शाळा-महाविद्यालये होती. पण गिरणीच्या नावाने किंवा मोहल्ल्याच्या नावाने मागणाऱ्याला समुद्रकाठी जमीन मिळाल्याचे दिसत नाही. जमीन ज्या नावाने मिळते त्याच नावाने माणसे संघटित होतात. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ आम्हाला या भाडेपट्ट्यांत दिसते.

सामनेही मग तसेच लागले. युरोपियन आणि पारशी आधीपासून एकमेकांविरुद्ध खेळत होतेच. १८९० मध्ये पारशांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला हरवले आणि सगळ्या शहरात वाहवा झाली. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाले.

आता त्या हिंदू संघाच्या आत जाऊ. बाहेरून तो एक संघ दिसे, आत गेल्यावर वेगळेच दिसते.

पालवणकरांचे घराणे मूळ रत्नागिरीकडच्या पालवणचे, जातीने चांभार. वडील फौजेत नोकरीला. थोरले बाळू १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला जन्मले आणि पुण्याला वाढले. पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि लाटण्याचे काम त्यांना मिळाले, महिना तीन रुपयांवर. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात गेले ते चार रुपयांवर. तिथे जाळी लावणे, खेळपट्टी नीट करणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, ही कामे. ग्रेग नावाचा एक फर्डा फलंदाज होता; त्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, डावखुऱ्या मंद गोलंदाजीवर या पोराने अशी हुकमत मिळवली की साहेबांना सरावाला तोच हवा असे. मात्र तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती पूना क्लबात कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी करायची ती मालकाने, आणि घाम गाळून गोलंदाजी करायची ती चाकराने, अशी तिथली वाटणी होती. उत्तम कारागीर असूनही आयुष्यभर हाताखालचा म्हणूनच राहिलेला माणूस ज्याने कारखान्यात पाहिला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांवर विजय हवा होता आणि विजय मिळवून देणारा माणूस समोर होता. म्हणून बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवण वेगळे, ताट वेगळे. हे टिळक-रानड्यांचे पुणे. रानड्यांनी जाहीरपणे सांगितले की जो तुमच्याबरोबर खेळतो त्याला तुमच्याबरोबर जेवूही द्या. टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला. याची नोंद केली पाहिजे, कारण त्या काळी तेवढे बोलण्यालाही धैर्य लागे.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना खुद्द बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. १०९ धावांनी विजय. दोन्ही डावांत मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले. धाकटे शिवरामही त्या संघात होते. जात बाजूला ठेवून माणूस निवडला म्हणून हा दिवस दिसला, असे ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने त्या वेळीच लिहिले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. महाराज बहुतेक मेजवान्यांतच रमले, आणि संघ पुष्कळदा हरला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी मिळवले.

एवढे झाले तरी कर्णधारपद दिले नाही. कर्णधार होते एम. डी. पै. पै हे सरळ माणूस; हा मान बाळूंचा होता असे त्यांनी स्वतःच एका सत्कारात सांगून टाकले. पण निवड करणारी समिती निराळी आणि सत्काराचे भाषण निराळे. बाळूंच्या पाठोपाठ शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे तिन्ही भाऊ हिंदू संघात आले. चार भावांच्या बळावर संघ जिंकत होता, आणि चौघांपैकी एकालाही पुढारी करण्याचा विचार कोणाच्या मनात येत नव्हता.

१९२० साली ठिणगी पडली. पै आजारी पडले. आता तरी पालवणकरांपैकी कोणाकडे तरी नेतृत्व येईल अशी अपेक्षा होती. निवड समितीने बाळूंना वगळले आणि पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. देवधर मोठे फलंदाज, संस्कृतचे प्राध्यापक, त्यांच्या योग्यतेबद्दल आमची तक्रार नाही. पण विठ्ठल आणि शिवराम त्यांच्यापेक्षा जुने खेळाडू होते. दोघे भाऊ संघाबाहेर पडले आणि वर्तमानपत्रांतून पत्रक काढून कारण जाहीर केले : हा अन्याय खेळाच्या कसोटीवर झालेला नाही, जातीच्या कसोटीवर झाला आहे.

याला आमच्या भाषेत संप म्हणतात. दोनच माणसांचा, पण सर्व अंगांनी संप. काम थांबवले, मागणी लेखी दिली, लोकांपुढे मांडली, आणि थोरल्या भावावर झालेल्या अन्यायासाठी धाकट्यांनी स्वतःची जागा पणाला लावली. चौरंगी सामने ही वर्षातून एकदा येणारी संधी होती. ती गेली की परत बारा महिने वाट पाहायची. परिणाम काय झाला? अंतिम सामन्याला पै परत आले, बाळू उपकर्णधार झाले, दोघे भाऊ परतले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. संपात सगळ्या मागण्या एकदम पदरात पडत नाहीत. दार किलकिले झाले की त्यात पाय रोवून उभे राहावे लागते. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. अंतिम सामन्यात त्यांनी युरोपियनांना हरवले, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठलांनी पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या वाचनालयांनी ते शोधून ठेवावे अशी विनंती आहे.

इथे एक आठवण सांगण्याचा मोह होतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात दरवर्षी खात्याखात्यांचे सामने होत. सगळ्यांत चांगला गोलंदाज ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा होता, म्हणून त्याला कोणत्याच खात्यात धरीत नसत. हा नियम मालकाने केलेला नव्हता, कायम कामगारांच्या क्रीडा समितीनेच केलेला होता. त्यावरून आम्हाला दोन हंगाम भांडावे लागले. विठ्ठल आणि शिवराम यांच्या पत्रकाचे मोल आम्हाला तेव्हा नीट कळले. बाहेरच्या साहेबाशी भांडणे सोपे असते. आपल्याच तंबूत उभे राहून बोलणे अवघड.

कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ पर्यंत चौरंगी सामने बंद होते. १९३४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. नेमक्या त्याच सुमारास जर्मनीत खेळाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे, कारण तिथे यादी करण्याचे काम थेट सरकारने हाती घेतले.

हिटलर १९३३ च्या जानेवारीत सत्तेवर आला. एप्रिलमध्येच दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या फुटबॉल क्लबांनी पत्रक काढून ज्यू सभासदांना दूर करण्याची तयारी जाहीर केली. पुढच्या काही वर्षांत खेळाडूंना असे सरसकट बाहेर काढण्यासाठी जे जे लागले ते सगळे सरकारने केले, पण या पहिल्या पत्रकाची सक्ती अजून व्हायची होती. क्लबांनी ते आपण होऊन काढले होते. युलियुस हिर्श हा जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला ज्यू फुटबॉलपटू. ते पत्रक वर्तमानपत्रात वाचून त्याने आपल्या कार्ल्सरूहेच्या क्लबाचा राजीनामा दिला. १९४३ मध्ये त्याला आउश्वित्झला नेण्यात आले. तो परत आला नाही. कामगारांच्या स्वतःच्या क्रीडासंघटना जर्मनीत फार मोठ्या होत्या. लाखो सभासद, स्वतःची मैदाने, स्वतःच्या स्पर्धा, १९२५ मध्ये फ्रँकफर्टला कामगारांचे ऑलिंपिकही भरले होते. १९३३ मध्ये त्या सगळ्यांवर बंदी आली. कामगार संघटना ज्या वर्षी मोडल्या त्याच वर्षी त्यांचे खेळही मोडले. मग साऱ्या देशाचे सोळा प्रांतिक विभाग पाडून प्रत्येकाची एक ‘गाउलीगा’, म्हणजे प्रांतिक फुटबॉल स्पर्धा, लावून दिली. पुढे ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा तिथली स्पर्धाही त्यातच घातली, आणि व्हिएन्नाचा हाकोआ हा ज्यूंचा नामांकित क्लब बरखास्त केला. त्या काळातला सर्वांत यशस्वी क्लब शाल्के. १९३४ ते १९४२ या काळात त्याने सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. हा क्लब खाणकामगारांच्या वस्तीतला. त्याच्या पुष्कळ खेळाडूंचे आईबाप पूर्वेकडून पोटासाठी आलेले, आणि श्रीमंत क्लब त्यांना हिणवीत असत. कामगारांचे क्लब बंद करायचे आणि कामगारांच्या पोरांनी जिंकलेले चषक आपले म्हणून मिरवायचे, असा तो कारभार होता.

या प्रकरणाचा एक धागा आपल्या गावापर्यंत येतो. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना इंग्रज सरकारने धरले आणि प्रथम नगरच्या छावणीत आणून ठेवले. गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांतलाच. हिटलरच्या छळातून जीव वाचवून इकडे आलेले ज्यूही त्यात होते. जर्मनीत ते जर्मन नव्हते म्हणून बाहेर. इथे ते जर्मन होते म्हणून आत. यादी करणाऱ्याला माणूस दिसत नाही, रकाना दिसतो.

मुंबई आणि जर्मनी यांत फरक आहे, तो लपवण्याचे कारण नाही. मुंबईत कोणाला यादीतून काढून मारले नाही. हिंदू संघाच्या आत राहून पालवणकरांना भांडता आले, पत्रक काढता आले, शेवटी कर्णधारही होता आले. जर्मनीत हिर्शला राजीनाम्यापलीकडे काही करता आले नाही. पण मुंबईच्या व्यवस्थेत जो कोणत्याच रकान्यात बसत नव्हता त्याचे काय? त्यासाठी १९३७ मध्ये पाचवा संघ काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. हिंदी ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे सगळे त्यात. सामने पंचरंगी झाले. त्याच वर्षी ब्रेबोर्न स्टेडियम उघडले आणि पहिल्याच पंचरंगीतून हिंदू बाहेर राहिले. कारण? कोणत्या जिमखान्याला किती खुर्च्या, यावरचा तंटा. मैदानाची वाटणी धर्मावर झाली होती, संघांची झाली होती, आता खुर्च्यांवर आली.

त्याच १९३७ सालची निवडणूक. बाळू पालवणकर काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईच्या गिरणगावातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. बाबासाहेबांनी तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. आमचे मन अर्थातच त्या बाजूला आहे. तरीही अकरा हजारांवर मतदारांनी ज्या वृद्ध गोलंदाजाला मत दिले, त्याची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही.

१९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींना भेटायला वर्ध्याला गेले. देशातले पुढारी तुरुंगात जात असताना सामने खेळावेत का, असा त्यांचा प्रश्न. गांधीजींनी त्याहून मोठे उत्तर दिले : हे सामने बंद करू पाहणाऱ्यांच्या बाजूला मी आहे, महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे संघ समजतात, धर्माचे संघ मला समजत नाहीत. हिंदू जिमखान्याने त्या वर्षी थोड्या मतांच्या फरकाने माघार घेतली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक ब्रेल्वी यांच्या पत्राने या सामन्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती. दुसऱ्या बाजूला विजय मर्चंट होते. त्यांचे म्हणणे असे की सामने खेळीमेळीने होतात, भांडणे मैदानाबाहेर होतात, आणि या सामन्यांना जेवढे लोक येतात तेवढे दुसऱ्या कशालाही येत नाहीत. गर्दीविषयी ते खरेच बोलत होते. १९३४ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकाच्या सामन्यांना तुरळक लोक, आणि पंचरंगीला सारी मुंबई लोटलेली. खेळाडूंची कमाई आणि नाव त्या गर्दीवर होते, आणि ते सोडा असे सांगणे सोपे नव्हते. मैदानातल्या खेळीमेळीबद्दलही आम्ही मर्चंटांना खोटे म्हणणार नाही. पण गिरणगावात आणि मोहल्ल्यात रेडिओला कान लावून बसलेला माणूस ‘आपण’ जिंकलो की ‘ते’ जिंकले, एवढेच ऐकत होता.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीला पकडून आपल्या भुईकोट किल्ल्यात आणले. त्या वर्षी पंचरंगी झाली नाही. पुढल्या वर्षी झाली. नेहरू, पटेल, आझाद किल्ल्याच्या तटाआड असताना १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबोर्नवर हिंदू विरुद्ध उरलेले असा अंतिम सामना रंगला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. मर्चंट नाबाद २५०. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ वर संपला. दुसऱ्या डावात सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे उभे राहिले. धाकटे बंधू विवेक यांना दुसऱ्या टोकाला ठेवून त्यांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेकच्या एकवीस. संघाच्या ३८७ धावांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! डावाने हार झाली, पण दोन दिवस सारे स्टेडियम ‘उरलेल्यां’च्या या माणसासाठी श्वास रोखून बसले होते. आपल्या नगरात ख्रिस्ती बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या घरांत ही खेळी अभिमानाने सांगण्यासारखी आहे. १९४४ चा अंतिम सामना मुसलमानांनी हिंदूंवर एका गड्याने जिंकला. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत १३७ वर नाबाद राहिले. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी त्यांची पाठ थोपटली. एवढ्या अटीतटीच्या सामन्यानंतर मुंबईत दगड पडला नाही, हे मर्चंटांच्या पारड्यात टाकले पाहिजे.

१९४५-४६ च्या हंगामात हिंदूंनी पारशांना हरवले, ती शेवटची पंचरंगी. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला. त्यांना पाठिंबा म्हणून गिरण्या बंद पडल्या, आणि हिंदू-मुसलमान कामगार एकाच रस्त्यावर गोळ्या झेलीत होते. सप्टेंबरात त्याच रस्त्यांवर दंगल पेटली. त्यानंतर धर्माच्या नावाचे संघ पुन्हा उतरवण्याची कोणाला हिंमत झाली नाही आणि ते सामने संपले. त्यांची जागा प्रांतांच्या सामन्यांनी घेतली. मुंबईत कचेऱ्या, बँका, गिरण्या आणि रेल्वे यांचे संघ टाइम्स शील्डसाठी १९३० च्या सुमारापासूनच खेळत होते. पुढे कित्येक गरीब घरच्या खेळाडूंना त्या संघांमुळे नोकरी लागली आणि चूल पेटली. गांधीजींनी ‘संस्थांचे संघ’ म्हटले होते ते हेच.

बाळू पालवणकर १९५५ च्या जुलैत वारले. भाडेपट्ट्यांनी वाटलेले ते जिमखाने मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून ओळीने अजून उभे आहेत, पाट्यांवरची नावेही तीच आहेत. मुंबईला गेलात तर चर्नी रोडला उतरून एकदा चालत पाहून या.